कब्रस्तानातले गाजर गवत

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या मोहल्ल्यातल्या कब्रस्तानाची साफसफाई होती. माझे चाचा दरवर्षी या कामात पुढे असतात. कमरेइतके वाढलेले, बारीक पांढऱ्या फुलांचे गवत त्यांनी उघड्या हातांनी उपटले. आठवड्याभरात हात, मान आणि पापण्या लाल होऊन सुजल्या, रात्रभर खाज. चाची म्हणाल्या, "नजर लागली." त्वचेच्या डॉक्टरांनी एवढेच विचारले, "गाजर गवताला हात लावला होता का?"

या गवताचे आणि आपल्या पुण्याचे नाते जुने आहे. ते मूळचे मेक्सिकोच्या बाजूचे. १९५५ साली पुण्यात सापडलेल्या या झाडाची माहिती आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये भारतातली नवी नोंद म्हणून प्रसिद्ध केली. अमेरिकेच्या पीएल ४८० योजनेच्या गव्हातून ते आले असे सर्रास सांगतात. पण त्या योजनेचा भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ चा. झाड त्याआधीच इथे होते. अमेरिकेचा गहू मात्र १९५१ मध्येही आला होता. पुढे १९७४ साली डॉ. लोणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गवतामुळे होणाऱ्या त्वचारोगावर लिहिले.

मग ते इतके पसरले कसे? आमच्या शाळेच्या आवारातच उत्तर दिसते. गटाराकाठी तेच झाड कमरेपर्यंत जाते, तर फरशीच्या फटीत चार बोटे उंचीवरच फुलते. मिळेल त्या परिस्थितीशी ते जमवून घेते. पाणी कमी पडले तर पाने जमिनीलगत चक्रासारखी पसरून वाट पाहते. पाऊस पडला की खोड वर येते. उगवल्यावर सुमारे महिन्या-दीड महिन्यात फुले येतात. एक मोठे झाड दहा हजारांहून जास्त बिया देते. बिया हलक्या असतात; वारा, पाणी, चिखल आणि गाड्यांच्या चाकांबरोबर फिरतात आणि मातीत वर्षानुवर्षे टिकतात. शिवाय त्यातले पार्थेनिन नावाचे द्रव्य शेजारच्या रोपांची वाढ रोखते. आपल्या त्वचेला त्रास देणारेही मुख्यतः तेच.

त्याच्या मायदेशी त्याला खाणारे किडे आहेत, इथे नव्हते. म्हणून १९८४ मध्ये मेक्सिकोतला एक भुंगेरा बंगळुरूत सोडला गेला. तो पाने फस्त करतो, पण मुख्यतः पावसाळ्यात. नंतर जमिनीत झोपून राहतो. आपला टाकळाही त्याला जागा सोडायला लावतो. ज्याची आपण पहिल्या पावसात भाजी करतो तोच टाकळा! दाट उगवला की गाजर गवत मागे हटते.

घरच्यांनी एवढे पाळावे. फुले येण्याआधी, माती ओली असताना, मुळासकट उपटावे. हातांत रबरी मोजे, नाही तर जाड प्लास्टिकच्या पिशव्या, पूर्ण बाह्या, तोंडावर रुमाल. काम संपल्यावर आंघोळ करून कपडे वेगळे धुवावेत. ज्यांना दमा किंवा आधीपासून खाज आहे त्यांनी या कामापासून लांब राहावे. फुललेले झाड खताच्या खड्ड्यात टाकू नये, बी तिथूनच पुन्हा पसरते.

चाचा औषधाने बरे झाले, पण डॉक्टरांनी सांगितले आहे की आता थोडासा संपर्कही पुरे. या वर्षी ते कब्रस्तानात फाटकाशी खुर्ची टाकून बसले आणि मोजे न घालता आत जाणाऱ्या प्रत्येक पोराला अडवत होते.