फी माफ झाली, पण राहायचे कुठे? तरुण बॅरिस्टर आंबेडकरांनी १९२४ मध्ये दिलेले उत्तर

बाबासाहेबांचे नाव घेतले की महाड, पुणे करार आणि संविधान आठवते. महाडच्या आधीची तीन-चार वर्षे मात्र आपल्या भाषणांत फारशी येत नाहीत. तरुणांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी ती वर्षे मुद्दाम अभ्यासली पाहिजेत.

१९२३ मध्ये बाबासाहेब लंडनहून परतले आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागले. सनदेच्या पैशासाठी मित्र नवल भथेना यांची मदत घ्यावी लागली, इतकी ओढाताण होती. अशा काळात, वयाच्या ३३ व्या वर्षी, २० जुलै १९२४ रोजी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली.

सभेच्या उद्दिष्टांत शिक्षणाचा प्रसार होता, पण तो नुसता उपदेशातून करायचा नव्हता. त्यासाठी वसतिगृहे काढायची, वाचनालये आणि अभ्यासवर्ग चालवायचे, औद्योगिक व शेतकी शाळा उघडायच्या आणि समाजाची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडायची, असे ठरले. जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू झाले. राहणे, जेवण, कपडे, वह्या-पुस्तके हा सगळा खर्च सभेने उचलला. तिथल्या मुलांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिकही काढले. मुंबईत मोफत वाचनालय आणि हॉकी क्लब सुरू झाला.

वसतिगृहाला एवढे महत्त्व का? उत्तर त्यांच्याच आयुष्यात सापडते. परळच्या चाळीत एका खोलीत अख्खे कुटुंब राहत असताना त्यांनी रात्री जागून अभ्यास केला होता. पुढे १९१७ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकून ते बडोदा संस्थानात नोकरीला गेले, तेव्हा शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी वसतिगृहात आसरा घेतला, तर जात कळताच लोक काठ्या घेऊन आले. अखेर नोकरी सोडून मुंबईला परतावे लागले. परदेशातली पदवी होती, नोकरीही होती, पण डोक्यावर छप्पर नसल्यामुळे दोन्ही निरुपयोगी ठरले.

हॉकी क्लबही गंमत म्हणून नव्हता. गिरणगावातल्या तरुणांना जुगार आणि दारूपासून दूर ठेवायचे, तर संध्याकाळी जायला दुसरी जागा हवी. व्यसन सोडा असे सांगणे सोपे असते. बाबासाहेबांनी त्यांना मैदान दिले.

आज परिस्थिती बदलली आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची सुरुवात १९४४ ची, म्हणजे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असतानाची. शासकीय वसतिगृहे आहेत. तिथे जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्यातून जेवण, निवास आणि निर्वाहासाठीची रक्कम विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते. अर्ज समाजकल्याण विभागाकडे करायचा असतो.

पण योजना असणे आणि ती पदरात पडणे यात अंतर आहे. जात प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, आधार जोडलेले खाते, यांतला एक कागद अडला की वर्ष हातचे जाते. रक्कम उशिरा येते, खोलीचे भाडे मात्र दर महिन्याला द्यावे लागते. त्यातच नव्या शहरात ओळखीचे कोणी नसते आणि वर्गात टोमणे ऐकावे लागतात. हुशार मुले इथेच खचतात. रोहित वेमुलाच्या मृत्यूने २०१६ मध्ये हा प्रश्न देशापुढे आणला, तो अजून सुटलेला नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी १९२४ चा कार्यक्रम आपापल्या वस्तीत पुन्हा उभा करावा. विहार रोज संध्याकाळी अभ्यासिका म्हणून उघडा ठेवावा. निकाल लागण्याआधीच दहावी-बारावीच्या मुलामुलींची यादी करून त्यांचे दाखले काढून घ्यावेत. बाहेरगावी जाणाऱ्या प्रत्येकाला त्या शहरातला एक माजी विद्यार्थी जोडून द्यावा आणि त्याने पहिले सहा महिने दर आठवड्याला फोन करावा. मन खचले असेल, तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते. हा क्रमांक विहाराच्या फलकावर लिहून ठेवावा. या कामांना मोठा निधी लागत नाही. चार-पाच जणांनी ठरवून वेळ दिला, तर येत्या प्रवेशांपासून सुरुवात करता येईल.