बुक्क्याची भूक

तर ऐका. बुक्का आमच्या वाईच्या घरी आला तेव्हा आठ आठवड्यांचा होता, केळ्यांच्या खोक्यात मावत होता आणि काळा म्हणजे किती काळा, तर पंढरीच्या बुक्क्यासारखा. नाव नातीने ठेवलं. आजीने एकदा देव्हाऱ्यातल्या डबीकडे बघितलं, एकदा पिल्लाकडे बघितलं आणि "बरं" म्हणाली. म्हणजे नाव पास.

पहिल्या संध्याकाळी मी त्याच्यापुढे वाडगं ठेवलं. पिल्लांचं कोरडं खाद्य, वजन करून घेतलेलं, कोमट पाण्यात भिजवलेलं. नातवाने मोबाइलवर वेळ लावली. चाळीस सेकंदांत वाडगं रिकामं. मग बुक्क्याने ते आतून चाटलं, बाहेरून चाटलं, पालथं पडलं तर बूडही चाटलं. शेवटी नाकाने ढकलत ढकलत, सगळ्या फरशीवर खणखणाट करत, ते स्वयंपाकघरात नेलं आणि आजीच्या पायाशी थांबवलं.

"अहो, लेकरू उपाशी आहे," आजी म्हणाली. पोळीचा तुकडा तिच्या हातात आधीच आलेला.

"उपाशी नाही. लॅब्राडोर आहे."

नातवंडांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी कोणाची जमीन लिहून घेत होतो. म्हणून त्या रात्री झोपाळ्यावर बसून गोष्ट सांगणं भाग पडलं.

उत्तर अटलांटिक समुद्रात, कॅनडाच्या पूर्व टोकाला न्यूफाउंडलंड नावाचं बेट आहे. पाणी असं गार की बोट बुडवलं तर आपलं आहे की नाही ते कळू नये. इंग्लंड-आयर्लंडकडून गेलेले कोळी तिथे कॉड मासा धरायचे आणि सोबत कुत्री बाळगायचे. गळावरून मासा निसटला की कुत्र्याने उडी मारायची. जाळ्याची दोरी तोंडात धरून पोहत काठावर आणायची. बेटावरचं मुख्य बंदर सेंट जॉन्स, म्हणून हा सेंट जॉन्सचा पाणकुत्रा. खारवलेला कॉड घेऊन जहाजं इंग्लंडच्या पूल बंदरात यायची, त्यांच्याबरोबर ही कुत्रीही यायची. तिकडच्या माल्म्सबरीच्या उमरावांना ती फार आवडली, कारण शिकारीत पाण्यात पडलेलं बदक ती आणून देत आणि बदकाला दात लागत नसे. हे न लागणारे दात लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहेत. १८८०च्या दशकात त्या घराण्याने आपल्याकडची काही कुत्री स्कॉटलंडच्या बक्लूच्या ड्यूकला दिली आणि तिथून आजच्या लॅब्राडोरांचा वंश वाढला. १९०३ साली इंग्लंडच्या केनेल क्लबने त्याला वेगळी जात म्हणून मान्यता दिली. नाव मात्र चुकलं ते चुकलंच. लॅब्राडोर हा समोरचा किनारा, मुख्य भूमीवरचा. कुत्रा बेटावरचा.

"म्हणजे वाईच्या माणसाला महाबळेश्वरकर म्हटल्यासारखं?" नातवाने विचारलं.

अगदी तसंच. दुसऱ्या दिवशी मी बुक्क्याचा पंजा हातात घेतला आणि हळूच बोटं फाकवली. बोटांच्या मधे पातळ कातडी, बदकाच्या पायासारखी. नातीने स्वतःची बोटं फाकवून बघितली, मग पुन्हा त्याची. शेपटी मुळाशी जाड आणि टोकाला निमुळती, पाण्यात सुकाणूसारखी वळणारी. अंगावर दुहेरी कोट: आत दाट लोकर, वर राठ, तेलकट केस. पिल्लाची लव अजून मऊ आहे, पण मोठा झाला की त्याच्या पाठीवर तांब्याभर पाणी ओता, अळवाच्या पानावरून ओघळतं तसं ओघळेल.

पण आजीचा प्रश्न तसाच होता. एवढी भूक कशी?

जेवण झालं की शरीराकडून मेंदूला निरोप जातो. तो ऐकून मेंदूतल्या काही पेशी एक लांबलचक प्रथिन विणतात. त्याला साडीचा तागा म्हणा. मग कात्री लावून त्याचे तुकडे होतात आणि त्यातले काही तुकडे "पुरे आता" असं सांगत फिरतात. हा तागा विणायची कृती जनुकात लिहिलेली असते. २०१६ साली केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की चारांतल्या साधारण एका लॅब्राडोरात त्या कृतीतली १४ अक्षरं गळालेली असतात. त्यामुळे ताग्याचं शेवटचं टोक नीट विणलंच जात नाही आणि त्या टोकाचे दोन तुकडे निघत नाहीत. ताट रिकामं झालं तरी "पुरे" म्हणणारा आवाज क्षीणच. पुढे २०२४ साली त्यांनी आणखी एक गंमत केली. काही तासांपूर्वीच जेवलेल्या कुत्र्यांपुढे भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात सॉसेज ठेवलं. वास येतो, दिसतं, मिळत नाही. अक्षरं गळालेली कुत्री त्या डब्याला जास्त वेळ चिकटून बसली. शिवाय ती नुसती पडून असताना इतरांपेक्षा सुमारे २५ टक्के कमी ऊर्जा खर्च करतात असंही दिसलं. म्हणजे येणं जास्त आणि जाणं कमी.

"आजारच की मग," नात म्हणाली.

असं वाटतं खरं. पण अंध-अपंगांच्या मदतीसाठी वाढवलेल्या लॅब्राडोरांत हीच गळती चारांतल्या जवळजवळ तिघांत सापडली. शास्त्रज्ञांचा तर्क असा, की जो घासासाठी काहीही करायला तयार, तो शिकतोही भराभर, आणि माणसाने नकळत तसेच निवडले. मला हा तर्क पटतो. आमच्या वेळी शाळेत खाऊ वाटला असता तर गणित मलाही आलं असतं.

आजीचं समाधान झालं नव्हतं. म्हणून मी तिला अठ्ठेचाळीस लॅब्राडोरांची गोष्ट सांगितली. अमेरिकेत एका प्रयोगात सख्ख्या भावंडांच्या चोवीस जोड्या केल्या होत्या. आठव्या आठवड्यापासून जन्मभर जोडीतल्या एकाला भावापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं, बाकी सगळं सारखं. २००२ साली निकाल छापून आला. जास्त खाणाऱ्यांचं मध्यम आयुष्य ११.२ वर्षं, कमी खाणाऱ्यांचं १३. सांधेही त्यांचे उशिरा धरले.

आजीने बोटांवर हिशेब केला. "म्हणजे जवळजवळ दोन दिवाळ्या जास्त."

पोळीचा तुकडा तिने स्वतःच खाल्ला. मग एक झाकणाचा डबा काढला. सकाळी बुक्क्याचं दिवसाचं खाद्य वजन करून त्यात जाणार, आणि दिवसभरात त्याला जे काही मिळेल, चार वेळचं जेवण, शाबासकी, लाड, ते त्याच डब्यातून. डबा संपला की दिवस संपला. सहा महिन्यांनंतर जेवणं दोनवर आणायची, असंही तिनेच ठरवलं.

"पण माझी भाकरी त्याला पचतच नाही का?" हे तिने जरा दुखावूनच विचारलं.

इथे मला हार मानावी लागली. पिष्ट पचवायला लागणाऱ्या एका विकराच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. २०१३ साली हे छापून आलं. माणूस शेती करायला लागला, उकिरड्यावर उष्टं पडू लागलं, आणि ज्याला ते पचलं तो माणसाजवळ टिकला. भाकरीवर कुत्र्याचा हक्क हजारो वर्षांचा आहे. फक्त नखाएवढा तुकडा, तोही डब्याच्या हिशेबात. कांदा-लसणाची आमटी मात्र नाही, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षं-बेदाणे मूत्रपिंडं बंद पाडू शकतात, आणि चॉकलेट हृदयाला झेपत नाही. नातवाने तिथल्या तिथे आपला चॉकलेटचा साठा फळीवर हलवला.

शेजारच्या एका गृहस्थांनी प्रेमाने कॅल्शियमची बाटली आणून दिली. हाडं मजबूत व्हायला. गंमत अशी, की कोवळ्या पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम नाकारता येत नाही. येईल तितकं ते आत घेतं, आणि मोठ्या जातीच्या पिल्लांची हाडं त्याने वाकडी वाढू शकतात. पिल्लाच्या खाद्यात हवं तेवढं असतंच. बाटली आम्ही जास्वंदीला घातली.

आता एक अवघड कोडं. पिल्लू जन्मतं ते मिटलेले डोळे आणि बंद कान घेऊन. डोळे दुसऱ्या आठवड्यात उघडतात, कान त्याच्या मागोमाग. पण पहिल्या दुधातून आई त्याला प्रतिपिंडांची शिदोरी देते. ही शिदोरी रोगाशी लढते आणि लशीलाही रोगच समजून हाणून पाडते. ती कोणत्या दिवशी संपेल ते पिल्लागणिक वेगळं. म्हणून डॉक्टर सहाव्या-आठव्या आठवड्यापासून सोळाव्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी टोचत राहतात, म्हणजे शिदोरी सरेल तेव्हा लस दाराशी उभी हवी. रेबीजची लस तीन महिने झाल्यावर. तोवर पार्वो नावाचा विषाणू बाहेरच्या मातीत दबा धरून असतो, आणि तो मातीत महिनोन् महिने टिकतो. तेव्हा पिल्लाला रस्त्यावर सोडायचं नाही.

पण त्याच आठवड्यांत पिल्लाच्या मनाचं दार उघडं असतं. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्यापर्यंत जे दिसेल, ऐकू येईल ते "आपलं" म्हणून आत जातं. नंतर दार किलकिलं होतं आणि नव्या गोष्टीची भीती वाटायला लागते. घरात कोंडलं तर जन्माचं भित्रं, बाहेर सोडलं तर पार्वो. काय कराल?

आजीने बाजाराची जाड कापडी पिशवी काढली. बुक्का पिशवीत, मुंडकं बाहेर, पाय जमिनीला लागायचे नाहीत. अशी त्याची वरात रोज निघायची. एसटी स्टँडवर भोंगा वाजला की एक दाणा, हेल्मेटवाला दिसला की एक दाणा. एका पहाटे दाराशी वासुदेव आला. बुक्का त्याच्या मोरपिसांच्या टोपीकडे बघतच राहिला. चिपळ्या वाजल्या तसे कान मागे गेले, अंग आक्रसलं. नात हलली नाही. आधी काही बोललीही नाही. चिपळी, दाणा. चिपळी, दाणा. पाचव्या चिपळीला कान पुढे आले आणि तो वासुदेवाकडे न बघता नातीच्या मुठीकडे बघायला लागला. रशियाच्या पाव्हलॉव्हने कुत्र्यांची लाळ मोजून जे सिद्ध केलं, ते आमच्या ओटीवर दोन मिनिटांत झालं. "बस" तर त्याने दोन दिवसांत उचललं: दाणा नाकावरून डोक्यामागे न्यायचा, मान वर गेली की बूड आपोआप खाली. टेकल्या क्षणी दाणा. आजी आधी कौतुक करायची आणि मग दाणा शोधायची, तोवर तो उठलेला. मग उठण्याचंच बक्षीस मिळाल्यासारखं व्हायचं.

चौथ्या महिन्यात दात पडायला लागले. दुधाचे अठ्ठावीस जाऊन बेचाळीस यायचे असतात, हिरड्या शिवशिवतात. माझी एक कोल्हापुरी गेली, नुसता अंगठा उरला. पाठलाग केला की तो पळायचा, कारण त्याच्या लेखी तो खेळ होता. तेव्हा ठरलं, पळायचं नाही. त्याच्याजवळ जे असेल त्यापेक्षा चांगलं काही पुढे करायचं, तोंड उघडलं की "सोड" म्हणायचं, दाणा द्यायचा आणि शक्य असेल तर वस्तू परत त्यालाच द्यायची. दिल्याने काही जात नाही हे एकदा कळलं, की तो स्वतःच आणून द्यायला लागतो. गार गाजर त्याच्यासाठी फ्रिजमध्ये कायम ठेवलेलं असायचं.

आणि मग तो रविवार. दुपारी झोपून उठलो तर उशाची वाटी उपडी, पाण्याचं थारोळं, आणि माझी कवळी नाही. ओसरीवर बुक्का बसला होता आणि हसत होता. खरंच हसत होता, वरच्या ओळीत चौदा दात, सगळे माझे.

नातवंडं धावणार एवढ्यात मी हात वर केला. उकिडवा बसलो. "सोड" म्हणायला गेलो, पण कवळी नसताना स कसला येतोय! निघालं ते "होल" का "छोल" असं काहीतरी. बुक्क्याने मान तिरकी केली. असा शब्द त्याला कोणी शिकवलेला नव्हता.

तेव्हा मी नुसता तळहात पुढे धरला. कुत्र्याची पिल्लं माणसाचा हात वाचतात. आठ आठवड्यांच्या ३७५ पिल्लांवर अमेरिकेत हे करून बघितलंय: बोट दाखवाल त्या भांड्याकडे ती जातात, शिकवण्याची फारशी गरज पडत नाही. बुक्का उठला, दोन पावलं आला, थांबला. आजीने मागून डब्याचं झाकण उघडलं. तो आवाज झाला आणि माझ्या तळहातावर काहीतरी ओलं, कोमट, जड येऊन पडलं.

फिरवून फिरवून बघितलं. एक ओरखडा नाही.

"आजोबा," नात म्हणाली, "आधी धुवा."