पांडवलेणीचा कातळ देवमाशाहून म्हातारा!

रविवारी सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना दम लागला, की तुम्ही हात कुठे टेकता? शेजारच्या काळ्या कातळावर. हा कातळ म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. तेव्हा पृथ्वीवर एकही देवमासा नव्हता!

मग तो आला कुठून? चक्क जमिनीवरून. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत आशियाला भिडला, मधला टेथिस समुद्र आक्रसत गेला. त्याच्या उबदार, उथळ किनाऱ्यांवर खाणं मुबलक होतं. तिथेच सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी काही खूरवाले प्राणी पाण्यात उतरले.

याचा एक पुरावा जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटचा. भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी तिथले जीवाश्म असलेले दगड गोळा केले होते. त्यांच्या निधनानंतर पत्नीने ते जपले आणि पुढे हान्स थेविसन या संशोधकाकडे सोपवले. प्रयोगशाळेत काम सुरू असताना एक कवटी चुकून मोडली आणि आत दिसलं देवमाशासारखं जाड कडेचं कानाचं हाड! मांजराएवढा हा प्राणी म्हणजे इंडोह्यूस, देवमाशाचा जवळचा नातलग. २००७ मध्ये हा शोध जगभर गाजला. त्याआधी, १९७०च्या दशकात अशोक साहनी आणि विजय प्रकाश मिश्रा यांनी आपल्या शेजारच्या कच्छमधून आद्य देवमाशांचे जीवाश्म उजेडात आणले होते.

पुढे सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वी अंटार्क्टिकावर बर्फ साचलं, समुद्र थंडावले, खोल पाण्यातलं पोषण वर येऊ लागलं. त्या काळात पाणी गाळून खाणाऱ्या देवमाशांची वाट सुरू झाली. निळ्या देवमाशासारखे अजस्र देह तर गेल्या काही दशलक्ष वर्षांतले. हिमयुगांत अन्न ठरावीक जागी, ठरावीक मोसमात दाटू लागलं. लांबचा प्रवास करून एकदम भरपूर खाणारा मोठा देहच तिथे टिकला.

नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं पिल्लू अडकलं होतं, आठवतंय? गावकऱ्यांनी, वनखात्याने जिवाचं रान करून त्याला समुद्रात सोडलं. तरी ते वाचलं नाही. पूर्वज चार पायांवर चालायचे, पण आता वाळूवर याला स्वतःचं वजनही पेलत नाही. परतीची वाट बंद झालीये, राव!

समुद्र बदलला तसा देवमासा बदलला, पण त्याला कोट्यवधी वर्षं मिळाली. आपण तोच समुद्र काही दशकांत तापवतोय.

कोकणात फिरायला गेल्यावर असा जीव दिसला, तर सेल्फी राहू द्या. आधी वनखात्याला १९२६ वर फोन लावा.