वानची खरी मांजर कोणती?

पूर्व तुर्कस्तानात, समुद्रसपाटीपासून सुमारे १६४० मीटर उंचीवर वान सरोवर आहे. तिथल्या लोकांना विचारलं, तर खरी वान मांजर म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंत पांढरीशुभ्र. त्यात एक डोळा निळा आणि दुसरा पिवळसर निघाला, तर मालकाचा रुबाब काही विचारू नका! प्रदर्शनांत मात्र ‘टर्किश वान’ म्हणून वेगळीच मांजर दिसते. अंग पांढरं, पण कानांखाली तांबूस ठिपके आणि शेपूट रंगीत.

हा घोळ १९५५ पासूनचा. लॉरा लशिंग्टन आणि छायाचित्रकार सोनिया हॅलिडे या दोन इंग्रज बायका तुर्कस्तानात फिरत असताना त्यांना अशी दोन पिल्लं मिळाली. एक इस्केंदेरुनचं, दुसरं इस्तंबूलचं. दोन्ही शहरं वानपासून शेकडो किलोमीटर लांब! तरी १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये मान्यता मिळालेल्या या जातीला पुढे नाव चिकटलं ते वानचंच.

या दोन्ही मांजरींचा पांढरेपणा मात्र एकाच जागेवरून येतो. रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी गर्भात पाठीच्या बाजूने निघून अंगभर पसरतात आणि त्यासाठी ‘किट’ नावाचं जनुक लागतं. मांजरांच्या कुणा पूर्वजात या जनुकात एक रेट्रोव्हायरस घुसला आणि तिथेच मुक्कामाला राहिला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, विषाणूचा, डीएनएच्या सुमारे सात हजार अक्षरांचा अख्खा तुकडा जनुकात असेल, तर मांजर ठिपकेदार होते. तुकडा दोन्ही प्रतींत असला, तर पांढरा भाग आणखी पसरतो आणि रंग उरतो तो जेमतेम डोक्यावर नि शेपटीवर. पण त्या तुकड्यातला बहुतेक भाग गळून फक्त सहाशेएक अक्षरांचं टोक मागे राहिलं असेल, तर सगळी मांजरच पांढरी. विषाणू कमी, परिणाम जास्त, हे मला यातलं सर्वात चक्रावणारं वाटतं. याच पेशी आतल्या कानालाही लागतात. म्हणून पांढऱ्या, निळ्या डोळ्यांच्या मांजरांत बहिरेपणा बऱ्यापैकी आढळतो.

लांब केसांची गोष्ट त्यामानाने सरळ आहे. ‘एफजीएफ-५’ हे जनुक केसांना ‘आता पुरे’ असं सांगतं. त्याच्या दोन्ही प्रती बिघडल्या, की केस वाढतच राहतात. त्यामुळे आखूड केसांच्या जोडप्यालाही झुबकेदार पिल्लू होऊ शकतं. वानच्या केसांखाली मात्र पर्शियन मांजरीसारखा लोकरीचा दाट थर नसतो. म्हणून केसांत गुंता कमी होतो आणि पाणीही सहज मुरत नाही. हिवाळ्यात गळ्याभोवती आयाळ येते. उन्हाळ्यात ती झडते आणि झुबका उरतो फक्त शेपटीला. ही मांजर पाण्यात पोहते म्हणून प्रसिद्ध आहे, पण प्रत्येक वान आनंदाने पाण्यात उतरेलच असं नाही.

वान शहरातलं युझुंजू यिल विद्यापीठ पांढऱ्या मांजरांचं संगोपन आणि प्रजनन करतं. ब्रिटनमध्ये पांढरीची नोंद आता ‘टर्किश वानकेदिसी’ या स्वतंत्र नावाने होते. म्हणजे खुद्द वानकरांच्या मांजरीलाच वेगळी रांग लावावी लागली.