फुलांचे अमूर्त छायाचित्रण – लेखांक आठवा : चुकलेला फोकस आणि मृदू फोकस

खिडकीतून येणाऱ्या तिरप्या प्रकाशाविषयी या आठवड्यात लिहिण्याचे मी कबूल केले होते. परंतु मध्यंतरी सांगलीच्या एका वाचकांचे पत्र आले आणि त्यांच्या शंकेचा खुलासा केल्यावाचून प्रकाशाच्या प्रकरणाला हात घालणे मला प्रशस्त वाटेना, सबब तो विषय तूर्त तहकूब करीत आहे. पत्रलेखकांची फिर्याद थोडक्यात अशी की, कॅमेऱ्याचे फोकसचे कडे जरासे फिरवले की फूल आपोआप धूसर होते. मग मृदू चित्रणासाठी निराळ्या भिंगांचा आणि फिल्टरांचा हा खटाटोप कशासाठी? प्रश्न दिसतो तितका भाबडा नाही, कारण सॉफ्ट फोकसच्या नावाखाली प्रदर्शनांच्या भिंतींवर जे टांगलेले असते त्यातील बरेचसे काम वास्तविक कडे फिरवूनच झालेले असते.

फोकस चुकतो तेव्हा फुलावरील प्रत्येक बिंदूची फिल्मवर एक चकती उमटते, तिच्यात प्रकाश जवळजवळ सर्वत्र सारखा पसरलेला असतो, आणि अशा असंख्य चकत्या एकमेकींवर चढल्या की पाकळीची कड कोठे होती याचा मागमूसही उरत नाही. मृदू भिंगाची तऱ्हा याहून वेगळी. त्याच्या मध्यभागातून येणारे किरण नेमलेल्या जागी मिळतात, तर कडेने येणारे किरण त्यांच्या किंचित अलीकडेच एकत्र येतात. या दोषाला प्रकाशशास्त्रात गोलीय विपथन म्हणतात, आणि भिंगे घडविणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तो निपटून काढण्यासाठी जिवाचे रान केले. परिणाम असा की बिंदूच्या जागी एक रेखीव गाभा राहतो आणि त्याभोवती फिकट वलय पडते. कड शाबूत असते. तिच्यातून प्रकाश मात्र बाहेर ओघळलेला दिसतो.

आता फुलाच्या अगदी निकट जाऊन पाहू. तगरीचे फूल घ्या. त्याच्या पाचही पाकळ्या एकाच दिशेने किंचित पिळलेल्या असतात, त्यामुळे प्रत्येक पाकळीची एक कड वर उचललेली आणि दुसरी शेजारणीच्या आड गेलेली दिसते. ३५ मिलिमीटर फिल्मवर हे फूल प्रत्यक्षाच्या निम्म्या आकाराने घेतले आणि अ‍ॅपर्चर एफ/२.८ वर ठेवले, तर रेखीव दिसणाऱ्या थराची जाडी जेमतेम एक मिलिमीटर भरते; प्रत्यक्षाएवढ्याच आकाराने घेतले तर ती एक तृतीयांश मिलिमीटरवर येते. म्हणजे उचललेली कड रेखीव धरली की फुलाचा नळीसारखा कंठ त्याच क्षणी विरघळलेला असतो. सांगलीकरांना माझे उत्तर हेच आहे : निकटचित्रणात धूसरपणा न बोलावताही येतो, टंचाई असते ती ठाम रेषेची, आणि जी एकुलती एक रेषा हाती राहते तीही कडे फिरवून घालवली, तर उरते ते अमूर्त चित्र नव्हे, नुसता रंग.

हे मर्म ओळखणाऱ्यांत इन्सब्रुकला राहणारे हाइनरिश क्यून यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. त्यांच्या प्रयोगांतून १९३० च्या सुमारास रोडेनस्टॉकचे ‘इमागॉन’ हे भिंग बाजारात आले. त्याबरोबर चाळणीसारख्या चकत्या मिळत, ज्यांच्या मधोमध एक मोठे छिद्र आणि सभोवार लहान छिद्रे असत. चकती फिरवून ही लहान छिद्रे हवी तितकी उघडण्याची वा मिटण्याची मुभा होती, म्हणजेच गाभा किती आणि वलय किती, याची तजवीज छायाचित्रकाराच्याच हाती आली. त्याही आधी बॅरन अडॉल्फ द मेयर यांनी बॉस्टनच्या पिंकहॅम अँड स्मिथ यांच्या मृदू भिंगातून फुलांची स्थिरचित्रे घेतली, आणि आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनी १९०८ साली ‘कॅमेरा वर्क’च्या २४ व्या अंकात त्यांच्या कामाला स्थान दिले. पाण्याच्या पेल्यातील त्यांचे हायड्रेंजिया ज्यांनी पाहिले असेल, त्यांना काचेची कड आणि तिच्यावरचा उजेड हे दोन्ही एकाच वेळी कसे नांदतात, हे निराळे सांगावयास नको.

ज्यांच्याजवळ असे भिंग नाही त्यांनी वाचनाचे साधे एकेरी भिंग नेहमीच्या भिंगापुढे धरून पाहावे. दोष काढून टाकलेला नसल्यामुळे तेच येथे उपयोगी पडते. मात्र दोन गोष्टींचे पथ्य पाळावे. अ‍ॅपर्चरचा व्यास निम्मा केला की विपथनाने पसरणारे वलय आठव्या हिश्शावर येते, म्हणून एक-दोन पायऱ्यांतच सारी मृदुता संपुष्टात येते; आणि अ‍ॅपर्चर लहान करताना फोकसची जागाही सरकते, म्हणून ज्या अ‍ॅपर्चरवर चित्र घ्यावयाचे त्याच अ‍ॅपर्चरवर फोकस करावा.

काळोख्या खोलीत काम करणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. छपाईच्या वेळी एन्लार्जरच्या भिंगाखाली जाळीचे कापड धरून मृदुता आणण्याची एक वहिवाट आहे, पण तिचा निकाल नेमका उलटा लागतो. निगेटिव्हमध्ये सावल्या पारदर्शक असतात, प्रकाश त्यांतूनच येतो आणि पसरतोही तोच. साहजिकच छापावर उजेड अंधारात शिरण्याऐवजी अंधार उजेडात शिरतो, आणि शुभ्र तगर मळकट दिसू लागते. विषण्ण चित्र हवे असेल त्याने ही युक्ती खुशाल वापरावी. तेजस्वी हवे असेल त्याने मृदुतेची व्यवस्था कॅमेऱ्यातच करावी.

इतके झाल्यावर तहकूब केलेला विषय आपसूकच समोर येतो. वलय दिसावयाचे तर उजळ कडेला लागून गडद पार्श्वभूमी हवी. ढगाळ, सपाट उजेडात इमागॉनसुद्धा नुसतेच फिके चित्र देते. तेव्हा पुढच्या लेखांकापर्यंत वाचकांनी एवढे करावे : तगरीचे एकच फूल गर्द पानांपुढे ठेवून सकाळी नऊच्या उन्हात एकदा आणि भर दुपारी सावलीत एकदा, अशी त्याची दोन चित्रे घ्यावीत. खिडकीचे प्रकरण त्या दोहोंमधील फरकापासूनच सुरू करू.