एडामामे कधी पेरावा?

एडामामे म्हणजे कोवळा, हिरवा सोयाबीन. लातूर-अकोल्याकडे सोयाबीन पावसावर पेरतात. शिकागोच्या परसबागेत मात्र घड्याळ ठरवतो तो फ्रॉस्ट, म्हणजे पारा शून्यापर्यंत उतरून पानांवर बर्फ धरणारी रात्र. तिथे वसंतातला शेवटचा फ्रॉस्ट साधारण एप्रिल-अखेर ते मेच्या मध्यापर्यंत पडतो. पण छापील तारीख ही सरासरी असते. त्या दिवसानंतर थंडी येणारच नाही, अशी हमी तिच्यात नसते.

माझ्या मते तारखेपेक्षा मातीचा थर्मामीटर जास्त खरा. माती १५ ते १८ अंश सेल्सियस झाल्याशिवाय बी टाकू नये. गार, ओल्या मातीत ते पाणी पिऊन फुगते आणि उगवण्याआधीच कुजते. शिवाय सोयाबीनच्या डाळिंब्या उगवताना जमिनीवर येतात, वाढीचा कोंबही त्यांच्याबरोबर उघडा पडतो. तो फ्रॉस्टने जळला तर रोप सहसा संपतेच. घाई करणाऱ्याला दुबार पेरणी ठरलेली.

दुसरे टोक शरदातले. पहिला फ्रॉस्ट ऑक्टोबरच्या मध्याला येईल असे धरून मागे मोजावे. 'एन्व्ही'सारख्या लवकरच्या वाणाला सुमारे ७५ दिवस लागतात, उशिराच्या वाणांना १०० पर्यंत. गार रात्रींत दाणा सावकाश भरतो, म्हणून वर दोन आठवडे धरावेत. लवकरच्या वाणाची शेवटची पेरणी जुलैच्या सुरुवातीला आटपावी, उशिराच्या वाणांची जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतच.

एकदम सगळे पेरू नये. शेंगा हिरव्या आणि भरलेल्या असण्याचा काळ जेमतेम आठवडाभराचा. दहा-बारा दिवसांच्या अंतराने थोडे थोडे पेरले की उकडायला ताज्या शेंगा मिळत राहतात.