पाय चालते आहेत तोवर

स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपून दोन-तीन वर्षं झालेली असतात. केस पुन्हा आलेले असतात, घरकाम सुरू झालेलं असतं, आणि एक दिवस पाठीत, दोन्ही फऱ्यांच्या मधोमध दुखायला लागतं. घरात त्याला कारणं तयारच असतात: हंडा उचलला असेल, उसण भरली असेल, एसटीच्या प्रवासात हाडं खिळखिळी झाली असतील. मग मलम, शेक, मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी, कुणीतरी सुचवलेला मालिशवाला. असे दोन महिने जातात. मग पाय जड वाटू लागतात. त्यानंतर काही दिवसांतच बाई सकाळी उठायला जाते आणि पाय उचलतच नाहीत. कर्करोग रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात ही हकीकत थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा ऐकू येते. सगळ्यात वाईट याचं वाटतं, की यातले बरेचसे पाय वाचवता आले असते.

कर्करोगातली आणीबाणी म्हटली की ताप, रक्तस्राव, धाप लागणं आठवतं. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या आणीबाणीची माहिती रुग्णाला क्वचितच कुणी बसवून सांगतं. केमोथेरपीत ताप आला तर लगेच या, हे फाइलवर लिहिलेलं असतं. ‘पाठ दुखली तर कळवा’ हे बहुधा लिहिलेलं नसतं.

पाठीचा कणा ही कर्करोगाच्या फैलावाची आवडती जागा आहे. स्तन, फुफ्फुस आणि प्रोस्टेट यांचे कर्करोग यात आघाडीवर; त्यामागे मूत्रपिंडाचा कर्करोग, मायलोमा, लिम्फोमा. कण्याभोवती शिरांचं एक जाळं आहे. ऑस्कर बॅटसन या अमेरिकी शरीररचनातज्ज्ञाने 1940 मध्ये त्याचं महत्त्व दाखवून दिलं. या शिरांना झडपा नसतात. खोकताना, कुंथताना पोटातला दाब वाढला की त्यातलं रक्त उलटं वाहू शकतं, आणि छातीतल्या किंवा ओटीपोटातल्या कर्करोगाच्या पेशींना मणक्यात शिरायला वाट मिळते. मणक्यात रुजलेली गाठ मागच्या बाजूला वाढली की थेट कण्याच्या पोकळीत येते. तिथे मज्जारज्जू असतो, करंगळीएवढा जाड. पाठीच्या मधल्या भागात ही पोकळी अरुंद असते, आणि दहापैकी सहा रुग्णांत दाब नेमका तिथेच येतो.

पुढे जे घडतं ते दोन टप्प्यांत. गाठ आधी मज्जारज्जूच्या शिरा दाबते. रक्त तुंबतं, सूज येते, पाय दुबळे होऊ लागतात. ही सूज उतरवता येते. दाब तसाच राहिला तर रक्तपुरवठाच तुटतो आणि मज्जारज्जूचा तेवढा भाग मरतो. मेलेला भाग परत येत नाही. पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात जायला कधी आठवडे लागतात, कधी काही तासच. म्हणून ‘सोमवारी ओपीडीला दाखवू’ हे इथे चालत नाही.

दुखणं मात्र बहुतेकांत खूप आधी सुरू होतं. दहापैकी नऊ रुग्णांत पहिलं लक्षण पाठदुखी असतं. स्कॉटलंडमधल्या रुग्णांचा 2002 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या विषयात नेहमी सांगितला जातो. दुखणं सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत तिथे साधारण तीन महिने गेले होते, आणि निदान झालं तेव्हा 82 टक्के रुग्ण आधाराशिवाय चालू शकत नव्हते किंवा अजिबातच चालू शकत नव्हते. सरकारी आरोग्यसेवा दारात असलेल्या देशातली ही गत. आपल्याकडे तालुक्याच्या गावातून मुंबई, नागपूर, बार्शी किंवा छत्रपती संभाजीनगरच्या केंद्रापर्यंत पोहोचायचं असतं.

पाठदुखी कुणाला नसते, असं कुणीही विचारेल. पण या दुखण्याचा स्वभाव वेगळा असतो. साधी पाठदुखी बहुधा कमरेत असते आणि आडवं झालं की उतरते. हे दुखणं झोपल्यावर वाढतं. माणूस रात्री उठून खुर्चीत बसतो, बसल्या बसल्या झोपतो. खोकलं, शिंकलं, शौचाला जोर केला की कळ जाते. ते छातीभोवती किंवा पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं फिरतं, आणि मग कुणी ॲसिडिटीच्या गोळ्या देतं, कुणी ईसीजी काढतं. दिवसागणिक ते वाढतच जातं. ज्याला कधीही कर्करोग झाला होता अशा माणसाची पाठ या पद्धतीने दुखत असेल, तर ती कर्करोगामुळेच दुखते आहे असं धरून चालावं, आणि तसं नाही हे तपासणीने सिद्ध होऊ द्यावं. एवढी सावधगिरी जास्तीची नाही.

पायांच्या तक्रारी सुरू झाल्या की हिशेब दिवसांचा राहत नाही. जिना चढताना कठडा धरावा लागणं, उकिडवं बसल्यावर उठता न येणं, पायांत मुंग्या, चालताना जमीन गादीसारखी लागणं, चप्पल पायातून निसटली तरी न कळणं. या गोष्टी रुग्णाआधी घरच्यांना दिसतात. लघवी अडकणं हे उशिराचं लक्षण आहे, आणि ते फसवं असतं, कारण संवेदनाच गेलेली असल्याने फुगलेली पिशवी दुखत नाही. मधुमेह असलेल्या वयस्कर पुरुषात पायांच्या मुंग्या साखरेच्या खात्यावर आणि लघवीची तक्रार प्रोस्टेटच्या खात्यावर सहज टाकली जाते. त्यात आठवडा जातो.

अशा वेळी घरच्यांनी रुग्णाला सपाट झोपवावं, उठबस करवू नये, कूस बदलताना मान, पाठ आणि कंबर एका रेषेत ठेवून दोघा-तिघांनी मिळून वळवावं. कण्याचं हाड पोखरलेलं असू शकतं, म्हणून मालिश, पाठीवर पाय देणं, हाडवैद्याकडून मणका ‘बसवून’ घेणं हे सगळं धोक्याचं. आणि त्याच दिवशी, त्याच तासाला जिथे कर्करोगाचे उपचार झाले तिथे फोन करावा. ‘पाठ दुखते’ एवढंच सांगितलं तर पुढची तारीख मिळेल. ‘पूर्वी कर्करोग झालेला आहे, पाठ दुखते आहे आणि कालपासून पाय लुळे पडत आहेत, मणक्यात दाब आहे का ते आज बघायचं आहे,’ असं पूर्ण वाक्य सांगावं. केंद्र दूर असेल तर 108 ची रुग्णवाहिका बोलवावी. मोटारसायकलवर मधे बसवून नेऊ नये.

तपासणी एमआरआयचीच, आणि ती संपूर्ण कण्याची. साध्या एक्स-रेत काही दिसलं नाही म्हणून निश्चिंत होता येत नाही. एक चूक मात्र सर्रास होते: पाय दुबळे आहेत म्हणून फक्त कमरेच्या मणक्यांचा एमआरआय काढला जातो, तो स्वच्छ येतो, आणि गाठ बसलेली असते वर, छातीच्या मागे. शिवाय बऱ्याच रुग्णांत एकाहून जास्त ठिकाणी दाब असतो. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की मज्जारज्जूवर दाबाची शंका असेल तर एमआरआय 24 तासांच्या आत व्हावा. पाय शाबूत आहेत, पण दुखण्यावरून मणक्यात फैलावाची शंका आहे, तर आठवड्याच्या आत. हे वेळापत्रक आपल्या जिल्हा रुग्णालयांतही लागू व्हायला हवं, असं मला ठामपणे वाटतं. यंत्रं आता बऱ्याच शहरांत आली आहेत. अडतं ते शंका घेण्यात.

शंका पक्की होताच डेक्सामेथासोन सुरू होतं, बहुधा दिवसाला 16 मिलिग्रॅमने. हे स्टिरॉइड जुनं, स्वस्त आणि कुठल्याही तालुक्यात मिळणारं आहे; ते सूज उतरवतं आणि पुढच्या उपचारापर्यंत थोडा वेळ मिळवून देतं. पण ते घरच्या घरी घ्यायचं औषध नव्हे. त्याने साखर भडकते, तोंडात बुरशी येते, मांड्यांची ताकद जाते आणि ते एकदम थांबवता येत नाही. लिम्फोमाची शंका असेल तर गाठीचा तुकडा तपासण्याआधी दिलेलं स्टिरॉइड निदानच पुसून टाकू शकतं. म्हणून निर्णय डॉक्टरांचा.

मुख्य उपचार शस्त्रक्रिया आणि रेडिएशन. गाठीचा दाब फक्त रेडिएशनने घालवायचा की आधी शस्त्रक्रियेने काढायचा, या जुन्या वादावर 2005 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अमेरिकी न्यूरोलॉजिस्ट रॉय पॅचेल आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. 101 रुग्ण घेतल्यावर फरक इतका स्पष्ट दिसला की अभ्यास तिथेच थांबवला गेला. शस्त्रक्रिया आणि रेडिएशन दोन्ही झालेल्यांपैकी 84 टक्के चालू शकले, फक्त रेडिएशन झालेल्यांपैकी 57 टक्के. ही शस्त्रक्रिया सगळ्यांना पेलणारी नसते. एकाच जागी दाब, बाकी तब्येत बरी आणि पुढचे काही महिने हाती असण्याची शक्यता, अशा रुग्णांसाठीच ती आहे. दोन दिवसांहून अधिक काळ पाय पूर्ण गेलेले रुग्ण त्या अभ्यासात घेतलेच नव्हते. कुठलाही उपचार निवडा, नंतर माणूस चालेल का हे सर्वांत जास्त अवलंबून असतं ते उपचाराच्या वेळी तो चालत होता का यावर.

डोक्यातली आणीबाणी तुलनेने लवकर ओळखली जाते. फुफ्फुस, स्तन, मूत्रपिंड आणि त्वचेचा मेलानोमा हे कर्करोग मेंदूत पसरू शकतात. सकाळी उठल्यावर वाढलेली डोकेदुखी, उलटी, दुहेरी दिसणं आणि मग गुंगी, हा क्रम मेंदूवरचा दाब वाढत असल्याचा. रुग्णाचं डोकं-खांदे उंच ठेवावेत आणि निघावं. आकडीचा झटका आला तर घड्याळ बघावं, कुशीवर वळवावं, तोंडात काही घालू नये. कांदा, चप्पल, किल्ल्या यांचा उपयोग नाही. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर ती स्वतंत्र आणीबाणी आहे. डॉक्टरांनी मिडाझोलामचा नाकातला फवारा आधीच लिहून दिला असेल तर तो त्याच वेळी वापरायचा. नुसता एक हात उडत राहणं आणि शब्द न फुटणं, हासुद्धा झटका असू शकतो. पक्षाघातही असू शकतो, कारण कर्करोगात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं.

‘आजोबा बरळायला लागलेत, आता शेवट जवळ आला’ असं म्हणून माणसाला घरीच ठेवलं जातं, ते मला फार सलतं. कारण दरवेळी तो शेवट नसतो. कर्करोगात रक्तातलं कॅल्शियम वाढतं: आधी खूप तहान, खूप लघवी, बद्धकोष्ठ, मग सुस्ती आणि भ्रम. फुफ्फुसाच्या काही कर्करोगांत सोडियम घसरतं. दोन्ही साध्या रक्ततपासणीत कळतात. कॅल्शियम सलाइन आणि झोलेड्रॉनिक ॲसिडने खाली आणता येतं, आणि काही दिवसांत माणूस पुन्हा नातवंडांना नावाने हाक मारू लागतो.

नवे उपचार नवे धोके घेऊन आले आहेत. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून उभ्या राहिलेल्या कार-टी पेशी उपचाराला (यात रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून परत दिल्या जातात) ऑक्टोबर 2023 मध्ये भारतात परवानगी मिळाली. जगभरात या पद्धतीच्या उपचारांत काही रुग्णांच्या मेंदूवर तात्पुरता परिणाम होतो. म्हणून रुग्णाला रोज एक वाक्य लिहायला सांगतात, वस्तूंची नावं विचारतात, शंभरपासून दहा-दहाने उलटं मोजायला लावतात. अक्षर बिघडणं ही पहिली खूण असू शकते, आणि ती वहीत घरच्यांनाही दिसते.

पुन्हा मणक्याकडे येऊ. ज्यांचे पाय जाऊन आठवडा उलटला, किंवा ज्यांची तब्येत शस्त्रक्रिया पेलणारी नाही, त्यांनाही घरी पाठवायचं नसतं. रेडिएशनने दुखणं उतरतं, आणि रात्री आडवं झोपता येणं ही त्या माणसासाठी लहान गोष्ट नाही. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्कोरॅड’ या ब्रिटिश अभ्यासात पाच दिवसांच्या रेडिएशनची तुलना एकाच दिवसाच्या रेडिएशनशी केली गेली. आठ आठवड्यांनी पाच दिवसवाल्यांपैकी सुमारे 73 टक्के आणि एक दिवसवाल्यांपैकी सुमारे 69 टक्के चालत होते. संख्याशास्त्राच्या कडक निकषावर दोन्ही समान ठरले नाहीत, पण फरक थोडा होता. आयुष्य थोडंच उरलेल्या रुग्णाला गडचिरोलीहून किंवा नंदुरबारहून आणलेलं असतं, बरोबरच्या माणसाची रोजची मजुरी बुडत असते, दादरच्या धर्मशाळेत जागेसाठी नाव लावलेलं असतं. अशा वेळी हा एक दिवसाचा पर्याय आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं.